डीलरचं स्वतःचं एवढं मोठं वर्कशॉप असताना सक्तीची सेफ्टी तपासणी बाहेरच्या छोट्या गॅरेजमधून का करून घेतात?

नवखा_चालक

नमस्कार मंडळी, गाड्यांच्या धंद्यातलं कोणी इथे असेल तर जरा नीट समजावून सांगा. पहिलीच चारचाकी घेतोय, वापरलेली, पण मुद्दाम एका मोठ्या कंपनीच्या अधिकृत डीलरकडे गेलो कारण घरच्यांचं एकच म्हणणं, पैसे थोडे जास्त गेले तरी चालतील पण गाडी नीट तपासलेली पाहिजे. गाडी आवडली, चालवून बघितली, सगळं छान. मग कागद बघायला बसलो. ती सक्तीची तपासणी असते ना, ब्रेक टायर स्टिअरिंग लाइट वगैरेची, जिच्याशिवाय गाडी नावावर होत नाही, तिचं सर्टिफिकेट बघितलं तर त्यावर डीलरचं नावच नाही, कुठल्यातरी दुसऱ्याच गॅरेजचा शिक्का. शोधून बघितलं तर दोन लिफ्टचं लहानसं गॅरेज आहे.

आता मी बसलो होतो तिथून काचेपलीकडे यांचं स्वतःचं वर्कशॉप दिसत होतं, रांगेने लिफ्ट, युनिफॉर्म घातलेले मेकॅनिक, सगळी यंत्रं. मग तपासणी बाहेर का? सेल्समनला विचारलं तर तो म्हणाला सगळेच डीलर असं करतात, काळजी करू नका. पण कारण काही सांगितलं नाही आणि तेच मला खटकतंय. ज्या गोष्टी आपल्या वर्कशॉपमध्ये पास होणार नाहीत त्या बाहेरून पास करून आणतात असं तर नाही ना? गाडीत घरातली लहान पोरं बसणार आहेत म्हणून विचारतोय.

जुनं_जॉबकार्ड

नवखा भाऊ, डीलरकडे सर्व्हिस अ‍ॅडवायझर म्हणून बरीच वर्षं काढलीत म्हणून सांगतो. सेल्समन खोटं बोलला नाही, खरंच बरेच डीलर असं करतात. पण त्याने कारण सांगितलं नाही कारण बहुतेक त्यालाच माहीत नसणार, विक्रीवाल्यांना वर्कशॉपचं गणित कधी कोणी समजावत नाही.

गणित असं आहे बघा. वर्कशॉप विकतं काय तर तास. एक लिफ्ट, एक माणूस, एक तास, त्यातून किती बिल निघालं यावर मॅनेजरचं सगळं मोजमाप. आता सक्तीच्या तपासणीची फी बहुतेक ठिकाणी एकतर सरकार ठरवतं नाहीतर तिला वरची मर्यादा असते. ब्रिटनचं उदाहरण घ्या, तिथे एमओटी टेस्टची, म्हणजे तिथल्या याच सक्तीच्या तपासणीची, जास्तीत जास्त फी सरकारने ठरवलेली आहे पण कमीत कमी फी ठरवलेली नाही, त्यामुळे गॅरेजं एकमेकांपेक्षा स्वस्तात करून देतात. म्हणजे भाव वर जाऊ शकत नाही, खालीच जातो. आणि तपासणी मन लावून केली तर गाडी पाऊण तास ते तासभर लिफ्ट अडवते. त्याच तासात ब्रेकचं काम, क्लचचं काम, सर्व्हिसिंग असं काही घेतलं तर लेबर मिळते, वर पार्ट्सवरचा नफा मिळतो. तपासणीत पार्टच नाही, नुसता वेळ आणि सही.

त्यात वॉरंटीची कामं आणि रिकॉल. कंपनीने एखाद्या मॉडेलचा रिकॉल काढला, म्हणजे दोष सापडला म्हणून विकलेल्या गाड्या दुरुस्तीला परत बोलावल्या, की त्या गाड्या अधिकृत डीलरकडेच येणार, त्या बाहेर पाठवता येत नाहीत. ग्राहक आठवडा आठवडा अपॉइंटमेंटसाठी थांबलेला असतो आणि तो तक्रार करतो तर कंपनीकडे करतो. विक्रीसाठी यार्डात उभी असलेली जुनी गाडी तक्रार करत नाही. त्यामुळे तिचा नंबर कायम शेवटी लागतो, आणि यार्डात उभी गाडी म्हणजे अडकलेला पैसा, रोज किंमत उतरणारा. बाहेरचं गॅरेज म्हणतं सकाळी पाठवा, दुपारी कागद घेऊन जा. मग काय करणार तुम्हीच सांगा.

मेकॅनिक लोकांच्या बाजूनेही बघा. बऱ्याच डीलरकडे मेकॅनिकला पगार हजेरीवर नाही तर कामाच्या ठरलेल्या तासांवर मिळतो, म्हणजे एखाद्या कामाला पुस्तकात दीड तास लिहिला असेल तर त्याने ते तासात केलं काय नि दोन तासांत केलं काय, पैसे दीड तासाचेच. तपासणीला पुस्तकात मिळणारा वेळ तुटपुंजा असतो, प्रामाणिकपणे करणाऱ्याचा तोटाच. चांगला मेकॅनिक ते काम टाळतो आणि मला त्याचा राग येत नाही.

गिअरबॉक्सताई

जॉबकार्ड यांनी वर्कशॉपची बाजू सांगितली, मी दुसरी सांगते, मी वापरलेल्या गाड्यांच्या विभागाचा हिशोब बघायचे.

बाहेरच्या माणसाला वाटतं डीलरशिप म्हणजे एकच दुकान. तसं नसतं. नव्या गाड्या, वापरलेल्या गाड्या, सर्व्हिस, पार्ट्स, प्रत्येकाचा नफातोटा वेगळा मांडला जातो आणि प्रत्येक मॅनेजरचा बोनस आपापल्या आकड्यावर. आमच्या विभागाने गाडी आपल्याच वर्कशॉपला दिली तर ते आम्हाला बिल लावतात, खरंखुरं बिल, ग्राहकाला लावतात त्याच्या आसपास. आणि वर्कशॉपवाल्यांना माहीत असतं की हा गिऱ्हाईक कुठे जात नाही, मग तपासणीत जे जे सापडेल ते सगळं यादीत. सांध्यातलं रबरी बुश जरा सैल आहे, बदला. डिस्क निम्मी झिजलीये, बदला. शॉकअपला थोडा ओलसरपणा, जोडी बदला. त्यातलं काही खरंच बदलायला हवं असतं, काही अजून वर्षभर चाललं असतं. पण ते सगळे पैसे त्या एका गाडीच्या नफ्यातून जातात आणि आमचा मॅनेजर डोकं धरून बसतो. म्हणून तो बाहेर जातो. बाहेरचं गॅरेज फक्त नियमात काय बसतं आणि काय बसत नाही एवढंच सांगतं, जास्त काम काढत नाही.

नवखा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते इथे आहे. नियमाची रेषा आणि चांगल्या गाडीची रेषा या दोन वेगळ्या आहेत. ब्रिटनच्या टेस्टमध्ये ब्रेक पॅड दीड मिलिमीटरच्या खाली गेला तर नापास. नवा पॅड दहा मिलिमीटरच्या आसपास असतो. म्हणजे दोन मिलिमीटरवर असलेली गाडी कायद्याने पास आहे, सर्टिफिकेट खरं आहे, कोणी फसवलेलं नाही, आणि तरी थोड्याच दिवसांत तुम्हाला पॅड बदलावे लागणार. टायरचं तसंच, युरोपात खाचेची खोली १.६ मिलिमीटरपर्यंत चालते, आणि पावसात १.६ आणि ४ मध्ये केवढा फरक पडतो ते ज्याने अचानक ब्रेक मारलाय त्याला विचारा. डीलरच्या वर्कशॉपने तोच टायर बदलायला सांगितला असता. छोटं गॅरेज नियमाप्रमाणे पास करतं. दोघंही आपापल्या जागी बरोबर, पण गाडी घेणाऱ्याच्या वाट्याला कमीत कमी तेवढंच येतं.

आणि अजून एक साधं कारण राहिलंच. एक्स्चेंजमध्ये आलेल्या गाड्या सगळ्या कंपन्यांच्या असतात. आमचे मेकॅनिक एका कंपनीच्या गाड्यांत तरबेज, स्कॅनर त्याच कंपनीचा. बाहेरच्या गॅरेजवाल्याच्या हाताखालून रोज दहा जातींच्या गाड्या जातात.

सरळ_विचार

सगळं वाचलं. माफ करा पण मला हे सगळं ऐकून उलट जास्त काळजी वाटायला लागली. म्हणजे डीलर अशा माणसाकडे जातो जो कमी दोष काढतो, आणि त्याला पैसे डीलरच देतो. मग त्या तपासणीला अर्थ काय राहिला? ज्याचं पोट डीलरच्या गाड्यांवर चालतं तो डीलरची गाडी नापास कशी करेल?

माझं म्हणणं स्पष्ट आहे, तपासणारा आणि दुरुस्त करणारा आणि विकणारा हे तिघं वेगळे पाहिजेत. स्वीडनमध्ये असंच आहे, तिथे तपासणी केंद्राला दुरुस्तीचा धंदा करता येत नाही. २०१० पर्यंत तर एकाच कंपनीकडे ही मक्तेदारी होती, मग बाजार खुला केला, पण तपासणी आणि दुरुस्ती वेगळी हा नियम तसाच ठेवला. उत्तर आयर्लंडमध्ये सरकारी केंद्रातच गाडी न्यावी लागते, डीलर असो की तुम्ही आम्ही, रांग एकच. हे सगळीकडे का होत नाही?

पाना_नंबर_१४

नमस्कार. तुम्ही सगळे ज्या छोट्या गॅरेजबद्दल बोलताय तसंच माझं आहे, तपासणीचं लायसन्स आहे आणि डीलरच्या गाड्या पण येतात. म्हणून थोडं लांबलचक लिहितो, सांभाळून घ्या.

आधी लायसन्सचं. लोकांना वाटतं मोठा डीलर म्हणजे त्याच्याकडे तपासणीचा परवाना असणारच. असं काही नाही. परवाना जागेला वेगळा लागतो आणि सही करणाऱ्या माणसाला वेगळा. जागेसाठी ब्रेक मोजायचे रोलर, हेडलाइटचा फोकस बघायचं यंत्र, धूर मोजायचं यंत्र, ते सगळं ठरलेल्या मुदतीत कॅलिब्रेट केलेलं, म्हणजे आकडे बरोबर दाखवतंय ना हे तपासलेलं, नोंदी ठेवलेल्या, कधीही अधिकारी येऊन बघणार. माणसासाठी प्रशिक्षण, परीक्षा, दरवर्षीची उजळणी. डीलरकडचा सहीचा माणूस नोकरी सोडून गेला की त्यांचं तपासणीचं काम त्या दिवसापासून बंद, नवीन माणूस तयार होईपर्यंत. माझ्याकडे मीच मालक आणि मीच सही करणारा, मी कुठे जाणार सोडून? म्हणून ते माझ्याकडे येतात.

मला परवडतं कारण माझा खर्च कमी आहे. काचेचं शोरूम नाही, रिसेप्शन नाही. डीलर एकदम चार पाच गाड्या पाठवतो, लागोपाठ घेतो, यंत्र एकदाच तापवायचं, भाव थोडा कमी लावतो पण दिवस भरलेला राहतो. मंदीच्या दिवसात तेवढ्यावर दुकान चालतं हे खरं आहे.

आता सरळ_विचार यांचा प्रश्न, आणि तो प्रश्न बरोबर आहे, मला अजिबात राग आला नाही. दबाव असतो. उघड कोणी म्हणत नाही की पास कर. एक डीलर होता, नाव नको, त्याच्या गाड्यांपैकी एकीच्या चासीला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, मागच्या बाजूला गंजाने भोक पडलेलं, वरून काळा जाड थर मारून झाकलेलं. मी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकलं तर आवाज बोदा आला. नापास केली. दुसऱ्या गाडीचा खालचा बॉल जॉइंट, म्हणजे चाकाकडचा सांधा, हलत होता, तीही नापास. भांडण नाही, फोन नाही, काही नाही. फक्त पुढच्या आठवड्यापासून गाड्या यायच्या बंद झाल्या, आणि नंतर कळलं की त्या आता दुसरीकडे जातात. बस एवढंच होतं. नापास करणाऱ्याला कोणी शिक्षा करत नाही, फक्त काम दुसरीकडे वळतं, आणि ज्याच्या घरी कर्जाचे हप्ते आहेत त्याला हे न सांगता समजतं.

पण दुसरी बाजूही आहे. सही माझी आहे. उद्या त्या गाडीचा ब्रेक निकामी होऊन कोणी गेलं तर तपास करणारे पहिला कागद काढतील तो माझ्या सहीचा. डीलर हात वर करून म्हणणार, आम्ही परवानाधारक माणसाकडून तपासून घेतली होती. हे पण एक कारण आहे बरं का बाहेर पाठवण्याचं, कोणी बोलून दाखवत नाही पण जबाबदारीचा मोठा वाटा कागदासोबत माझ्याकडे येतो. परवाना गेला तर माझं अख्खं दुकान गेलं. म्हणून माझ्यासारखे बरेच लोक कितीही मोठा डीलर असला तरी वाकत नाहीत. काही वाकतात. शिक्का बघून तुम्हाला यातला फरक कळणार नाही.

जुनं_जॉबकार्ड

पाना भाऊ, मनापासून लिहिलंत, बरं वाटलं.

सरळ_विचार, तुमचं तत्त्व मान्य आहे पण डीलरने स्वतःच्याच वर्कशॉपमध्ये तपासणी केली तर ती जास्त खरी, असं जर कोणाला वाटत असेल तर तसं नाही. जपानमध्ये बघा. तिथे शाकेन नावाची तपासणी, नव्या गाडीला तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी. ठराविक खासगी वर्कशॉपना तिथे स्वतःच तपासून पास करायचा अधिकार आहे, आणि बरेच मोठे डीलर असं वर्कशॉप बाळगून आहेत. २०२१ मध्ये टोयोटाच्या काही डीलरशिपमध्ये उघड झालं की हँडब्रेकची ताकद, हेडलाइटचा प्रकाश असल्या मोजण्या नीट न करताच किंवा आकडे बदलून गाड्या पास केल्या होत्या. परवाने रद्द झाले, हजारो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. तिथे बाहेरचं कोणी गॅरेज नव्हतं. माणसं कमी, गाड्या जास्त, आणि ग्राहकाला झटपट करून देण्याचं आश्वासन, एवढ्यावर सगळं बिघडलं. म्हणजे घाईत असलेला माणूस आतला असो की बाहेरचा, धोका सारखाच.

मला त्यापेक्षा नेदरलँड्सची पद्धत पटते. तिथे तपासणी साधी गॅरेजंच करतात, पण पास झालेल्या गाड्यांतून काही गाड्या सिस्टिम आपोआप निवडते आणि सरकारी निरीक्षक येऊन तीच गाडी पुन्हा तपासेपर्यंत ती हलवता येत नाही. आपली गाडी निवडली जाईल की नाही हे गॅरेजवाल्याला आधी कळत नाही. आणि जर्मनीत तर वर्कशॉप डीलरचं असतं, लिफ्ट डीलरची असते, पण तपासणारा इंजिनिअर ट्यूफ किंवा डेक्रासारख्या संस्थेकडून ठरलेल्या दिवशी येतो, तपासतो आणि जातो. स्वीडनसारखं सगळं वेगळं काढलं तर केंद्रं लांब पडतात आणि लहान गावातल्या माणसाला त्रास होतो, हा पण विचार करा.

सरळ_विचार

नेदरलँड्सचं माहीत नव्हतं, पटलं. तपासणाऱ्याला तपासणारा कोणीतरी पाहिजे एवढंच माझं म्हणणं होतं. पण काही ठिकाणी उलटाच प्रवास चाललाय, अमेरिकेतल्या टेक्सस राज्यात १ जानेवारी २०२५ पासून खासगी गाड्यांची सेफ्टी तपासणीच बंद केली, काही काउंटीत, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांत, फक्त धुराची राहिली. सदोष तपासणी सुधारायच्या ऐवजी काढूनच टाकायची हे मला बरोबर वाटत नाही.

नवखा_चालक

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. म्हणजे बाहेरून तपासणी करून घेतली म्हणून लगेच गाडी सोडून द्यायची गरज नाही, बरोबर ना? मग मी आता नेमकं काय बघू? पानाभाऊ, तुम्ही असता तर काय मागितलं असतं?

पाना_नंबर_१४

सर्टिफिकेट बाजूला ठेवा, त्याच्या मागचा तक्ता मागा. आम्ही तपासताना आकडे लिहितो, कुठल्या चाकाचा पॅड किती मिलिमीटर, टायरची खाच किती, ब्रेकची ताकद डावीकडे किती उजवीकडे किती. डीलरकडे तो असतो किंवा गॅरेजकडून मागवता येतो. सगळ्या चारही चाकांना अगदी एकच आकडा लिहिलेला दिसला तर समजा कोणी मोजलं नाही, खऱ्या गाडीत पुढे मागे आणि डावं उजवं थोडा तरी फरक असतोच. मग तारीख बघा. कॅनडात ओंटारिओमध्ये असं सर्टिफिकेट गाडी नावावर करायला ३६ दिवसच चालतं, मुदत कमी ठेवण्याचं कारण हेच की तो कागद त्या दिवसाची अवस्था सांगतो, पुढची हमी देत नाही. तुमच्या कागदावर तपासणीच्या वेळचं किलोमीटर रीडिंग असेल ते मीटरशी जुळवा, तपासणीनंतर गाडी शेकडो किलोमीटर फिरली असेल तर का ते विचारा.

पहिल्या फेरीत गाडी नापास झाली होती का हे जरूर विचारा. नापास होऊन दुरुस्त होऊन मग पास झाली असेल तर मला ती गाडी जास्त आवडते, कारण कोणीतरी खरंच खाली वाकून बघितलंय याचा तो पुरावा आहे. ब्रिटनमध्ये हे सगळं सरकारी साइटवर नंबर टाकून फुकट दिसतं, जुन्या नापासाच्या नोंदी, किलोमीटर, आणि पास करताना दिलेल्या सूचनासुद्धा. तुमच्याकडे तशी सोय असेल तर आधी ते बघा.

आणि हे लक्षात ठेवा की या तपासणीत इंजिनची तब्येत, क्लच, गिअरबॉक्स यांचं काही बघत नाहीत. थंड इंजिन सुरू करताना आवाज येतो का, क्लच घसरतो का, हे आमच्या कागदावर नसतंच. म्हणून विकत घेण्याआधी तुमच्या ओळखीच्या, डीलरशी काही देणंघेणं नसलेल्या गॅरेजमध्ये गाडी लिफ्टवर चढवा, पैसे तुम्ही द्या. ज्याचे पैसे त्याच्यासाठी बघणारा माणूस. डीलरने न्यायला नकार दिला तर ती गाडी घेऊ नका, मग ती कितीही आवडलेली असो.

गिअरबॉक्सताई

पाना यांच्या शेवटच्या ओळीला माझा पूर्ण पाठिंबा. आम्ही कोणालाही अडवलं नव्हतं, अडवायचं कारणच नसतं जर गाडी बरी असेल तर. आणि एक, ज्या गोष्टी पास आहेत पण संपत आलेल्या आहेत त्यांची यादी करून किमतीत बोला. पॅड आणि टायर यांवर मॅनेजर ऐकतो कारण वर्कशॉपने तेच बदलायला सांगितलं असतं हे त्याला माहीत असतं.

नवखा_चालक

आज तक्ता मागवला, दिला त्यांनी, काही कुरकुर न करता. पुढचे पॅड डावा ६ उजवा ५, टायरचे आकडे पण वेगवेगळे आहेत, म्हणजे मोजलेलं दिसतंय. नापासाची नोंद नाही. फक्त मागच्या ब्रेकसमोर मिलिमीटर काहीच लिहिलेलं नाही, नुसती बरोबरची खूण आहे. हे लपवलंय का?

पाना_नंबर_१४

मागे ड्रम ब्रेक असतील तुमच्या गाडीला, चाकाच्या आतून बघा, डिस्कऐवजी बंद डबा दिसेल. ड्रमच्या आतले लायनर, म्हणजे पॅडसारखेच झिजणारे भाग, ड्रम काढल्याशिवाय दिसत नाहीत, आणि बऱ्याच देशांत सक्तीच्या तपासणीत भाग उघडायची परवानगीच नसते, त्यामुळे रोलरवर ताकद मोजून खूण करतात. त्यात गैर काही नाही. तक्त्यात मागच्या ब्रेकच्या ताकदीचे डावे उजवे आकडे आहेत का ते बघा आणि दोन्हींत फार तफावत नाही ना तेवढं तपासा. आणि तुमच्या गॅरेजमध्ये नेलीत की त्यांना मात्र ड्रम उघडायला सांगा, त्यांना तसली अडचण नाही.